शुगरवाल्यांच्या डोळ्याचा लेसर, सात रस्ता, सोलापूर : पाचपैकी साडेतीन स्टार

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. चांगलं लिहिलं की लोक म्हणतात पैसे घेऊन लिहिलंय, आणि वाईट लिहिलं की फोन येतो. सात रस्त्याकडच्या भागातलं पडद्याचं, म्हणजे रेटिनाचं हॉस्पिटल आहे एवढं पुरे. मी स्वतः पेशंट आहे, वय पन्नाशीच्या पुढे, शुगर बरीच जुनी, दोन्ही डोळ्यांना लेसर झालाय, त्यामुळे ऐकीव काही नाही. लेसरचं काम एकदम चोख, डॉक्टर मॅडम पण चांगल्या. जे मार्क कापलेत ते सगळे काउंटरचे आणि न सांगितलेल्या गोष्टींचे.

पहिलं म्हणजे इथले एक स्टारवाले रिव्ह्यू वाचून घाबरू नका. बहुतेकांची तक्रार एकच, लेसर करून पण काही फरक पडला नाही, उलट जरा कमीच दिसतंय, पैसे पाण्यात. मला त्या लोकांचं वाईट वाटतं पण हा लेसर दिसायला वाढावं म्हणून करतच नाहीत हो. जेवढं दिसतंय तेवढं टिकावं म्हणून करतात. गोंधळ असा होतो की आपल्याकडे लेसर म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली जातात. एक चष्म्याचा नंबर घालवायचा, तो वर बुबुळावर करतात, कॉलेजातली पोरं लग्नाआधी करून घेतात तो. दुसरा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लेन्सच्या मागची पिशवी धूसर झाली तर तिला खिडकी पाडायचा, तो पाच मिनिटांत होतो आणि लगेच लख्ख दिसायला लागतं. आणि तिसरा आपला, शुगरने खराब झालेल्या पडद्याचा. आता शेजारच्या काकूंनी दुसरा केलेला असतो, त्या सांगतात अहो काही नाही, गेले आणि आले, टीव्हीवरची बारीक अक्षरं वाचायला लागले, आणि आपण तेच डोक्यात घेऊन तिसरा करायला जातो. मग होणारच ना निराशा.

आजार काय आहे ते मॅडमनी मला डोळ्याच्या मोठ्या फोटोवर बोट ठेवून दाखवलं. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, कुठे फुगतात, कुठे झिरपतात, कुठे बंदच पडतात. जिथे बंद पडल्या तिथल्या पडद्याला रक्त पोचत नाही, ऑक्सिजन कमी पडतो, मग तो भाग व्हीईजीएफ नावाचं एक रसायन सोडतो आणि त्याने नवीन रक्तवाहिन्या फुटतात. ऐकायला बरं वाटतं, नवीन फुटल्या तर चांगलंच की, पण त्या इतक्या नाजूक असतात की कधीही फुटून डोळ्यात रक्त उतरतं, नाहीतर त्यांच्याबरोबर जाळी धरते आणि ती पडदा ओढून सुटा करते. कधी पुढे बाहुलीच्या भोवती पण फुटतात, मग डोळ्यातलं प्रेशर चढतं, तो काचबिंदू फार वाईट. आणि हे सगळं चालू असताना मधला पडदा ठीक असेल तर चष्म्याच्या दुकानात तुम्ही शेवटची ओळ पण वाचता. माझं तेच होतं. नंबर तपासायला गेलो, नंबर जवळपास तोच निघाला, तिथल्या डॉक्टरांनी सहज बाहुली मोठी करून आत बघितलं आणि चिठ्ठी दिली की रेटिनावाल्यांकडे जा.

मग लेसर काय करतो? मॅडमनी विचारलं गाव कुठलं, म्हटलं मोहोळ तालुक्यातलं. म्हणाल्या मग तुम्हाला सांगायला सोपं आहे, उन्हाळ्यात विहिरीला पाणी कमी असलं की सगळ्या रानाला पुरत नाही, तेव्हा लांबच्या पट्ट्याचं पाणी तोडता आणि घराजवळची डाळिंबाची बाग जगवता की नाही? कडेचा पडदा मी लेसरने ठिकठिकाणी जाळणार, जळालेल्या भागाला ऑक्सिजन लागणार नाही, जो आहे तो उरलेल्या पडद्याला पुरेल, रसायन कमी सुटेल आणि नवीन फुटलेल्या वाहिन्या काही आठवड्यांत सुकतील. मधला भाग, ज्याने तुम्ही वाचता आणि माणसाचं तोंड ओळखता, त्याला मी हात लावणार नाही. एवढं स्वच्छ मला आजवर कुठल्या डॉक्टरने समजावलं नव्हतं. मात्र पाणी तोडलेल्या पट्ट्याचं पुढे काय होतं हे त्या दिवशी बोलण्यात आलं नाही, त्यावर खाली येतो.

घरी आल्यावर भाच्याने, तो फार्मसी करतोय, मला याचा इतिहास शोधून दिला. जर्मनीत १९४५ साली सूर्यग्रहण झालं, ते नुसत्या डोळ्यांनी बघून लोकांचे पडदे भाजले. गेर्ड मायर-श्विकेराथ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने असा पेशंट बघितला आणि त्याच्या डोक्यात आलं की उजेडाने पडदा भाजतो तर मग आपण पाहिजे तिथे, पाहिजे तेवढाच भाजला तर? आधी सूर्याचाच उजेड आरशांनी डोळ्यात सोडून बघितला, मग झेनॉनचा मोठा दिवा, आणि १९६० नंतर लेसर आले. आणि उपयोग होतो का, तर अमेरिकेत सतराशेच्या वर पेशंट घेऊन मोठी तपासणी केली, प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेसर किंवा झेनॉनचा उजेड आणि दुसरा तसाच ठेवला. १९७६ मध्ये निकाल आला की असा पडदा भाजलेल्या डोळ्यांत दृष्टी पार जाण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. म्हणजे पन्नास वर्षं होत आली याला. ज्यांना हा नवीन धंदा वाटतो त्यांनी हे वाचावं.

आता हॉस्पिटल. पहिल्या दिवशी तपासण्या. ओसीटी म्हणजे पडद्याचा स्कॅन, दुखत नाही, हनुवटी टेकवून एका खुणेकडे बघायचं, पडद्याला सूज आहे का ते त्यात मायक्रॉनमध्ये येतं. नंतर हाताच्या शिरेत पिवळं औषध सोडून फोटो काढले, त्याला अँजिओग्राफी म्हणतात. ते नाव ऐकून आमची मंडळी घाबरली, तिला वाटलं हृदयाचंच काहीतरी निघालं. हृदयाचा काही संबंध नाही. फक्त औषध आत गेल्यावर जरा मळमळतं, आणि त्या दिवशी लघवी एकदम गडद पिवळी होते आणि अंगावर पण थोडी पिवळी झाक येते. हे तिथल्या सिस्टरने आधीच नीट सांगितलं, ज्यांना आधी कुठल्या औषधाची ॲलर्जी आलीय त्यांनी बोला असं दोनदा विचारलं, किडनीचा रिपोर्ट पण मागितला. या सिस्टरला माझ्याकडून पूर्ण मार्क.

लेसरच्या दिवशीचं जरा सविस्तर लिहितो कारण जाण्याआधी मला हे कुठेच मराठीत सापडलं नाही. गेल्यावर बाहुली मोठी करायचे थेंब, ते झोंबतात. मग बसा. मग परत थेंब. परत बसा. शुगरवाल्यांची बाहुली लवकर मोठी होत नाही म्हणे, त्यामुळे तासभर तरी धरा, आणि डबा बरोबर ठेवा, उपाशी बसून शुगर खाली गेली तर ती वेगळी पंचाईत. मग भुलीचे थेंब, अंधारी खोली, मशीनला हनुवटी आणि कपाळ टेकवायचं, आणि डोळ्यावर चिकट जेल लावलेलं एक भिंग ठेवतात, त्यामुळे पापणी मिटताच येत नाही. इथपर्यंत दुखत काहीच नाही. मग हिरवा उजेड. आमच्याकडचं मशीन पॅटर्नवालं होतं, म्हणजे एका दाबात ठिपक्यांची अख्खी चौकट पडते, टकटकटक. जुन्या मशीनमध्ये एकेक ठिपका पडतो आणि जास्त वेळ पडतो म्हणून दुखतं जास्त. एका डोळ्याला १२०० ते १६०० डाग हा जुन्या पद्धतीचा हिशोब, प्रत्येक डाग पडद्यावर साधारण अर्ध्या मिलीमीटरचा, नवीन पद्धतीत वेळ कमी असतो म्हणून डाग त्याहून जास्त लागतात. आकडा ऐकून पोटात गोळा आला होता पण ते एका दिवशी नसतं, बैठका पाडून करतात, सगळं एकदम केलं तर पडद्याला सूज येऊ शकते.

दुखतं का? हो, दुखतं. ज्यांना काहीच दुखलं नाही असं सांगतात ते सांगोत बापडे. सुरुवातीला नुसता उजेड असतो, कडेला सरकत गेलं की मध्येच एखादा ठिपका असा लागतो की डोळ्याच्या मागून डोक्यात कळ जाते, आणि त्यात हलायचं नाही. मॅडम बोलत होत्या पूर्ण वेळ, आता वर बघा, आता डाव्या कानाकडे बघा, आता दोन-चार जोरात लागतील, झाले. दुखतंय म्हटल्यावर ताकद कमी केली आणि म्हणाल्या अगदीच सहन होत नसेल तर डोळ्याच्या बाजूला भुलीचं इंजेक्शन देता येतं, मर्दुमकी दाखवायची गरज नाही. मला लागलं नाही, पण असं विचारणारे डॉक्टर आवडले. उठल्यावर मात्र काही दिसेना, सगळीकडे काळपट आणि जांभळट, बायकोचा हात धरून बाहेर आलो. ते थोड्या वेळात निवळतं, बाहुली मोठी झालेली मात्र संध्याकाळपर्यंत तशीच. आता सोलापूरचं एप्रिलचं ऊन, बाहुली सताड उघडी, बाहेर पडलं की डोळ्यात सुया. काळा गॉगल न्या, टोपी न्या आणि गाडी चालवायला कोणीतरी न्या. स्वतः बाईक घेऊन जाऊ नका, मी एक गृहस्थ बघितले, तसेच किक मारून निघाले, वॉचमनने किल्ली काढून घेतली त्यांची.

आता स्टार कापलेला भाग.

संमतीचा फॉर्म. चार पानं, इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि देतात कधी, तर बाहुली मोठी केल्यावर! ज्या माणसाला त्या क्षणी स्वतःच्या हाताची बोटं धूसर दिसतायत त्याला म्हणतात काका वाचा आणि सही करा. मी म्हटलं ताई वाचू कशाने, तर म्हणे सगळे करतात, काही नसतं त्यात. आणि त्यातच सगळं असतं. रात्रीचं कमी दिसेल, कडेचं कमी दिसेल, रंग फिके लागतील, काही दिवस मध्ये सूज येऊन वाचायला त्रास होईल, हे सगळं त्या चार पानांत व्यवस्थित लिहिलेलं होतं. घरी आल्यावर भाच्याने वाचून दाखवलं. म्हणजे कागदावर हॉस्पिटल एकदम सुरक्षित, सांगितलेलं आहे, सही आहे. हे मला अजिबात पटलं नाही. तो कागद मराठीत करा, आपल्या गावात तेलुगू आणि कन्नड वाचणारे पण भरपूर आहेत, त्यांच्या भाषेत करा, आणि थेंब घालायच्या आधी द्या, एवढीच मागणी आहे. लेसर नको असं त्यात काही नाही, हे सगळं माहीत असतं तरी मी लेसर केलाच असता, पण विचारून तरी घेतलं असतं.

बाकी बारीकसारीक म्हणजे टोकन नंबरला काही अर्थ नाही, ओळखीचे मधून जातात. तपासणीचे फोटो मागितल्याशिवाय देत नाहीत, मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला लागतात. पैशाचं बैठकीप्रमाणे की पूर्ण डोळ्याचं एकत्र, हे आधी काउंटरला स्पष्ट विचारा, मला दोन माणसांनी दोन उत्तरं दिली. मेडिक्लेम आणि महात्मा फुले योजनेचं पण तेव्हाच विचारा, नंतर विचारलं की सगळे कागद उलटे होतात. आणि खालचं चष्म्याचं दुकान, लेसर झाल्या झाल्या तिथला पोरगा नवीन चष्म्याचं विचारतो. अरे बाबा आत्ताच डोळा भाजून आलोय! लेसरनंतर नजर काही आठवडे वर-खाली होते, तेव्हा नंबर काढूच नका.

आता लेसरनंतर काय झालं. पहिले काही दिवस धूसर होतं, डोकं जड, पेपर वाचताना अक्षर हलतंय असं वाटायचं, ते गेलं. मधल्या पडद्याला ज्यांच्या आधीच सूज असते त्यांना लेसरने ती वाढू शकते, म्हणून माझ्या डाव्या डोळ्याला आधी इंजेक्शन दिलं, म्हणजे ते वर सांगितलेलं व्हीईजीएफ रसायन अडवणारं औषध डोळ्यातच टोचतात, आणि मग लेसर, उजव्याला थेट. जे गेलं आणि परत आलं नाही ते म्हणजे रात्रीचं. अंधारात बघायच्या पेशी कडेच्या पडद्यातच जास्त असतात आणि भाजतात तोच भाग, त्यामुळे हे होणारच. घरातली लाईट गेली की पूर्वी दोन मिनिटांत डोळे सरावायचे, आता सरावतच नाहीत. उजेडातून अंधाऱ्या जिन्यात शिरलो की थांबतो, कठडा धरतो, मग पुढे. होटगी रोडने रात्री बाईकवर यायचो ते बंद केलं, समोरून ट्रकचे लाईट आले की ते गेल्यानंतर काही सेकंद रस्ताच गायब असतो. दिवसा चालवतो, पण मान फिरवून फिरवून, कारण कडेचं कमी झालंय. नवी पेठेत गर्दीत चालताना बाजूने येणारा माणूस एकदम समोर उगवतो आणि धक्का लागतो, लोक बघतात, काय आंधळा आहे का म्हणतात, आता प्रत्येकाला काय लेसर समजावत बसायचं.

रंगाचं मला धंद्यामुळे कळलं. आमचं चादर-टॉवेलचं होलसेल, नेव्ही ब्लू आणि काळा गठ्ठा शेजारी ठेवला तर ट्यूबलाईटखाली मला फरक कळेना. निळ्या-पिवळ्या छटांचं ओळखणं शुगरमुळे आधीच थोडं उतरलेलं असतं आणि लेसरने अजून उतरू शकतं असं मॅडमनी नंतर सांगितलं. आता रंगाचा माल दुकानातला पोरगाच बघतो, मी बिलं करतो. गिऱ्हाईकाला काही कळत नाही, धंदा चालू आहे.

आणि अजून एक, ज्याने मी सगळ्यात जास्त घाबरलो. लेसर पूर्ण होऊन काही आठवडे झाले आणि एक दिवस उजव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगायला लागले, मग धूर झाल्यासारखं. मला वाटलं गेला डोळा, लेसरने घालवला. फोन केला, लगेच या म्हणाल्या. आत थोडं रक्त उतरलं होतं. नवीन वाहिन्या सुकत असताना आकसतात, त्या ओढीत एखादी फुटते, लेसर चुकला असा त्याचा अर्थ नाही असं सांगितलं. उशी उंच घेऊन झोपा म्हणाल्या, रक्त खाली बसतं. हळूहळू निवळलं, मग जिथे जागा उरली होती तिथे अजून थोडा लेसर मारला. निवळलं नसतं तर आतलं रक्त काढायचं ऑपरेशन असतं. त्या दिवशी गर्दी होती तरी मला बसवून ठेवलं नाही, हे मान्य करायला पाहिजे. काळे धागे अचानक वाढले, पडदा ओढल्यासारखी सावली आली, चमका दिसल्या, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

लोक विचारतात आता इंजेक्शनं आलीत तर लेसर कशाला. मी पण विचारलं होतं. मधल्या पडद्याला सूज असून नजर कमी झाली असेल तर आता पहिला उपचार इंजेक्शनच आहे, त्याने नजर सुधारू पण शकते, पूर्वी तिथे पण लेसरच होता. नवीन वाहिन्या फुटल्या असतील तर दोन्ही रस्ते आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला, दोन वर्षांनी इंजेक्शनवाल्यांची नजर लेसरवाल्यांपेक्षा कमी नव्हती आणि कडेचं दिसणं त्यांचं जास्त टिकलं. मग मला का नाही? मॅडमनी उलटा प्रश्न केला, तुम्ही दर महिन्याला याल का? सीझनला, दिवाळीच्या आधी, लग्नसराईत, याल? इंजेक्शनचा असर उतरला की वाहिन्या परत फुटतात, आणि इंजेक्शनवरचा पेशंट मध्येच यायचा बंद झाला तर त्याचं लेसरवाल्यापेक्षा जास्त बिघडतं असं नंतर दिसलंय. लेसर एकदा झाला की तो तिथेच असतो. मी खरं उत्तर दिलं की दर महिन्याला जमणार नाही, आणि लेसर ठरला. खर्चाचं पण आहेच, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही महाग, बेव्हॅसिझुमॅब स्वस्तात पडतं, कुठलं देताय हे नाव घेऊन विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

बाकावर बसून जे ऐकलं ते पण सांगतो, थेंब घालून डोळे मिटून बसलेली माणसं फार बोलतात. अक्कलकोटकडच्या एक मावशी होत्या, एका डोळ्याला लेसर झालेला, त्या डोळ्याने सुई ओवत नसल्या तरी नातवाचं तोंड दिसतं म्हणाल्या, आणि दुसरा राहिला, घरात लग्न निघालं, मग सोयाबीन काढणी, मग राहिलंच. त्या दुसऱ्या डोळ्याचा पडदा सुटला होता. "आवं दादा, दुखत नव्हतं की, मग कशाला येऊ म्हटलं." पूर्व भागातले एक पद्मशाली काका होते, सगळा जन्म लूमवर गेलेला, त्यांना मराठी येत होतं पण घाबरल्यावर तेलुगूच येत होतं, मॅडमनी त्यांच्याशी तेलुगूत सुरू केलं, मावशींशी कन्नडात, आणि माझ्याशी मराठीत. सोलापुरात याला वेगळे पैसे लावत नाहीत म्हणून, नाहीतर यालाच एक स्टार जास्तीचा आहे.

शुगरचं भाषण देत नाही, घरोघरी ते देणारी माणसं आहेत. फक्त एवढं, लेसरने आजार थांबत नाही, एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, आणि बीपी दोन्ही आटोक्यात नसतील तर नवीन जागी परत सुरू होतं, मॅडम दर वेळी दोन्ही रिपोर्ट बघतात आणि फिजिशियनला चिठ्ठी देतात. आणि ज्यांना टाईप टू शुगर आत्ताच निघालीय त्यांनी आत्ताच बाहुली मोठी करून पडदा बघून घ्या, मग वर्षातून एकदा. काही वाटत नसतानाच बघायचं असतं. त्यासाठी महागड्या हॉस्पिटलात यायची गरज नाही, सिव्हिलला डोळ्यांचा विभाग आहे, तिथे केस पेपर काढा.

जायचं असेल तर सोमवार टाळा, रविवारची तुंबलेली सगळी गर्दी त्या दिवशी असते, मंगळवेढा-पंढरपूरपासून लोक येतात आणि इंडी, विजापूरकडून पण. सकाळी पहिल्या नंबरात गेलात तर दुपारच्या आत मोकळे. लिफ्ट आहे पण बंद असते कधी कधी, गुडघेवाल्यांनी आधी फोन करा. पार्किंग नाही, रिक्षाच बरी. आणि जानेवारीत सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेच्या दिवसांत तारीख देत असतील तर पुढची मागा, होम मैदानाच्या बाजूचे रस्ते बंद असतात, रिक्षावाले लांबून फिरवतात आणि डबल सांगतात.